२७५ जीएसएमचे नक्की किती मायक्रॉन? भागाकार बरोबर, तरी माल होल्डवर

नमस्कार, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी सांगतो म्हणजे घोळ नको. तुम्ही भोसरीत केबल ट्रे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये क्यूसीला नवीन लागलाय, १.६ एमएम जीआय म्हणजे झिंकचं कोटिंग असलेला पत्रा आणलाय, मिलच्या सर्टिफिकेटवर कोटिंग २७५ जीएसएम, म्हणजे ग्रॅम प्रति चौरस मीटर, लिहिलंय. चाकणच्या कस्टमरच्या इन्स्पेक्टरने येऊन कोटिंगची जाडी मोजायचा मीटर लावला तर रीडिंग १७ ते २२ मायक्रॉन आले. त्याने तिथंच मोबाईलवर २७५ भागिले ७.१४ केलं, उत्तर साडेअडतीस, आणि म्हणाला निम्मंच झिंक आहे, माल होल्ड. तुमचे शेठ म्हणतात सप्लायरने फसवलं, सप्लायर म्हणतो पत्रा ओके आहे, आणि तुम्ही मधे अडकलाय. वर पुढच्या ऑर्डरच्या ड्रॉइंगवर "हॉट डिप, ८५ मायक्रॉन मिनिमम" लिहिलंय, म्हणजे जॉब बनवून झाल्यावर वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून काढायचा, ते २ एमएमच्या ट्रेवर, आणि तुम्हाला कळत नाहीये की जीएसएम आणि मायक्रॉनचं नेमकं गणित काय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचा पत्रा बहुतेक ठीक आहे. इन्स्पेक्टरचा भागाकार चुकला नाही, त्याने कशाला भागलं तिथं चूक झाली. "बहुतेक" का म्हणतोय ते पुढे येईलच.

७.१४ कुठून आला ते एकदा डोक्यात बसलं की परत कुठला चार्ट शोधावा लागत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मायक्रॉन जाडीचा थर पसरला तर त्याचं आकारमान बरोबर एक घन सेंटिमीटर होतं. कागदावर करून बघा, एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर आणि एक मायक्रॉन म्हणजे सेंटिमीटरचा दहा हजारावा भाग, दोन्ही एकमेकांना कापतात. झिंकची घनता ७.१४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे झिंकचा एक मायक्रॉन थर एका चौरस मीटरवर ७.१४ ग्रॅम भरणार. म्हणून ग्रॅम प्रति चौरस मीटरला ७.१४ ने भागलं की मायक्रॉन, मायक्रॉनला ७.१४ ने गुणलं की ग्रॅम. धातू बदलला की आकडा बदलतो, रीत तीच राहते.

आता मुद्द्याची गोष्ट. पत्र्याच्या कोटिंगचा जो ग्रेड असतो, १२०, १८०, २७५, तो दोन्ही बाजू मिळून असतो. आपल्याकडचं आयएस २७७ हे स्टँडर्ड घ्या, युरोपातलं ईएन १०३४६ घ्या, अमेरिकन जी९० घ्या, सगळीकडे पत्र्याचा आकडा दोन्ही बाजूंची बेरीज आहे. जी९० म्हणजे एक चौरस फुटाला ०.९० औंस, दोन्ही बाजू धरून, तेही ग्रॅममध्ये केलं की २७५च येतं. मग एका बाजूला १३७.५ ग्रॅम, भागिले ७.१४, उत्तर १९.३ मायक्रॉन. मीटर एका वेळी एकाच बाजूचं झिंक बघतो, त्याला पाठीमागच्या बाजूशी काही घेणं नाही. त्यामुळे १७ ते २२ हे २७५च्या पत्र्याला अगदी साजेसं रीडिंग आहे. तोंडी करायचं तर ग्रेडला सरळ १४ ने भागायचं, १२०चे साडेआठ, १८०चे तेरा, २७५चे साडेएकोणीस, ३५०चे पंचवीस. शॉपफ्लोअरवर एवढं पुरतं.

पण हेच फॅब्रिकेशननंतरच्या हॉट डिपला लावलं की उलटा गोंधळ होतो. कारण तिथं ६१० ग्रॅम लिहिलं असेल तर ते एका पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला असतं, दोन्ही बाजूंची बेरीज नसते. म्हणजे कागदावर नुसतं "जीएसएम" लिहिलेलं दिसलं की भागाकाराच्या आधी विचारायचं, हा आकडा पत्र्याचा की बुडवून काढलेल्या जॉबचा? माझ्या अनुभवात दहातले आठ वाद इथंच मिटतात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती मला आजही टोचते. वीसेक वर्षांपूर्वी एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत इनवर्ड इन्स्पेक्शनला होतो. भोसरीतल्याच एका छोट्या ट्रेडरकडून तीन टन पत्रा आला, मी मीटर लावला, भागाकार केला, निम्मं निघालं, लाल टॅग लावून चलनावर रिजेक्ट लिहून गाडी परत पाठवली. त्या माणसाने वाद घातला नाही, त्याला हे गणित माहीत नव्हतं, त्याला वाटलं आपल्यालाच मिलने फसवलं. दीड महिना त्याचं पेमेंट अडकलं. मग त्याने स्वतःच्या पैशाने लॅबमधून झिंक उतरवून वजनाची टेस्ट करून रिपोर्ट आणला, २८० च्या आसपास आला होता. मी त्याच्या दुकानी जाऊन माफी मागितली, पण त्याचे दीड महिने काही परत आले नाहीत. म्हणून कोणी होल्ड म्हटलं की मी आधी विचारतो, आकडा एका बाजूचा की दोन्ही.

आता ते "बहुतेक". १७ ते २२ हे रीडिंग तुम्ही एकाच बाजूला घेतलेत की दोन्ही, ते लिहिलं नाहीये. गॅल्व्हनायझिंग लाइनवर पत्रा झिंकमधून बाहेर येतो तेव्हा दोन्ही बाजूंना हवेच्या पट्ट्या, एअर नाइफ, जादाचं झिंक पुसतात. त्या दोन्ही बाजूंचा दाब किंवा अंतर एकसारखं नसेल तर एक बाजू जाड आणि एक बाजू पातळ येते, आणि ते ठराविक मर्यादेत चालतं. ईएन १०३४६ मध्ये २७५ साठी तीन ठिकाणच्या नमुन्यांची सरासरी किमान २७५ लागते पण एकाच ठिकाणचा नमुना २३५ पर्यंत चालतो, आणि कुठलीही एक बाजू त्या २३५ च्या ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. ४० टक्के म्हणजे ९४ ग्रॅम, म्हणजे साधारण १३ मायक्रॉन. बघा, एका बाजूला एका जागी १३ दिसले तरी पत्रा नियमात असू शकतो, जर समोरच्या बाजूने भरपाई केली असेल तर. म्हणून एका बाजूचं रीडिंग दुप्पट करू नका. त्याच जागी पत्रा उलटा करून दुसऱ्या बाजूचं घ्या आणि बेरीज करा. समजा एका बाजूची सरासरी १८ आणि दुसरीची २१, बेरीज ३९, गुणिले ७.१४, आले २७८ ग्रॅम. विषय संपला.

नमुने कुठून घ्यायचे तेही महत्त्वाचं. पत्र्याच्या रुंदीत मधे एक आणि दोन्ही कडांपासून साधारण ५० एमएम आत एकेक, अशा तीन जागा. कडेला चिकटून मीटर लावला की रीडिंग भरकटतं, तिथं झिंक कमीजास्त असतं म्हणून आणि मीटरचं चुंबकीय क्षेत्र कडेपाशी बिघडतं म्हणूनही. तुमच्या ट्रेला तर पंचिंगची भोकं आणि बेंड असणार, बेंडवर आणि भोकाशेजारी घेतलेलं रीडिंग पकडूच नका. सपाट जागा हवी.

मीटरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. साधा डीएफटी मीटर, म्हणजे हाच कोटिंगची जाडी मोजणारा, चुंबकीय पद्धतीने मोजतो, म्हणजे खालच्या लोखंडापासून प्रोब किती लांब आहे ते बघतो. मधे झिंक आहे की पेंट आहे की धूळ आहे हे त्याला कळत नाही. पावडर कोटिंग झालेल्या पॅनेलवर ८० मायक्रॉन दाखवलं तर त्यात ६० पावडर आणि २० झिंक असू शकतं, आणि ते सगळं झिंक समजून ७.१४ ने गुणणारे लोक मी पाहिलेत. आणि ज्या मीटरला लोखंड आणि बिगरलोखंड असे दोन्ही मोड असतात तो ऑटोवर ठेवला की कधी कधी तो झिंकलाच बेस धरतो आणि शून्य दाखवतो, मग बोंब उठते की कोटिंगच नाही. मोड हाताने लोखंडावर, म्हणजे एफ वर लावा.

झिरो कशावर करताय ते पण बघा. मीटरसोबत जो गुळगुळीत ठोकळा येतो त्यावर झिरो करून पत्र्यावर मोजलं तर दोन-तीन मायक्रॉन इकडे तिकडे होऊ शकतात. त्याच पत्र्याचा तुकडा घेऊन त्याचं झिंक ॲसिडने उतरवा आणि त्या उघड्या लोखंडावर झिरो करा, वर माहीत असलेल्या जाडीची फॉइल ठेवून तपासा. पत्रा फार पातळ असेल, अर्ध्या एमएमच्या आतला, तर हे केल्याशिवाय आकडा लिहूच नका. आणि हिशोब करा, वीस मायक्रॉनच्या कोटिंगमध्ये दोन मायक्रॉनची चूक म्हणजे दहा टक्के. दोन्ही बाजूंना मिळून ती २८ ग्रॅम होते. म्हणजे २७५ चा पत्रा मीटरच्या चुकीने २५० ही दिसू शकतो आणि ३०० ही. त्यामुळे मीटर हे चाळणीसारखं वापरा, भांडण मिटवायला वापरू नका.

भांडण मिटवायला वजनाची टेस्ट. अवघड काही नाही पण नीट करायला हवी. पत्र्यातून १०० बाय १०० एमएमचा तुकडा कापा, कापताना कडेला आलेली बर (धार) काढा, तेल पुसा, वजन करा. वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा हवा, कारण या तुकड्यावर ०.१ ग्रॅमची चूक म्हणजे १० जीएसएम. मग हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवायचा, पण नुसत्या ॲसिडमध्ये नको, त्याने लोखंडही खाल्लं जातं आणि वजन जास्त घटतं, म्हणजे कोटिंग खोटं जास्त दिसतं. त्यात इनहिबिटर, म्हणजे लोखंड खाल्लं जाऊ न देणारं रसायन, घालतात. आयएसओ १४६० मध्ये ५०० एमएल कडक ॲसिडमध्ये साडेतीन ग्रॅम हेक्सामिन विरघळवून पाण्याने एक लिटर करायला सांगितलंय, आपल्या आयएस ६७४५ मध्ये अँटिमनी क्लोराइडची पद्धत आहे. मिसळताना ॲसिड पाण्यात सावकाश ओता, पाणी ॲसिडमध्ये नको. बुडबुडे जोरात येतात, मग एकदम मंदावतात, तेव्हा काढायचं, वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासायचं, कोरडं करायचं, परत वजन. बुडबुडे म्हणजे हायड्रोजन आहे, शेजारी वेल्डिंग चालू असलेल्या शेडमध्ये हे करू नका, हवा खेळती हवी, चष्मा आणि हातमोजे घालूनच. सोय नसेल तर लॅबला द्या, जबरदस्ती करू नका.

उदाहरण देतो. आधी १२५.२४ ग्रॅम, नंतर १२२.४५, फरक २.७९. तुकड्याचं एका बाजूचं क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर, २.७९ भागिले ०.०१ म्हणजे २७९ जीएसएम, दोन्ही बाजू मिळून, सर्टिफिकेटशी थेट जुळवायचा आकडा. प्रत्येक बाजूला १३९.५, म्हणजे साडेएकोणीस मायक्रॉन. इथं क्षेत्रफळ दोन्ही बाजूंचं ०.०२ धरून १३९ काढलं आणि सर्टिफिकेटवरच्या २७५ शी लावलं की पुन्हा तीच निम्म्याची बोंब. एकाच बाजूचं हवं असेल तर दुसऱ्या बाजूला लॅकर लावून झाकतात आणि मग बुडवतात. आणि तुकड्याची मापं व्हर्नियरने घ्या, शंभराऐवजी दोन्हीकडे नव्व्याण्णव निघाले तरी दोन टक्के फरक पडतो.

आता धातूची गोष्ट, कारण हल्ली शेडच्या छतासाठी सगळे गॅल्व्हल्यूम वापरतात आणि त्यावर पण ७.१४ चालवतात. ते कोटिंग ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण साडेत्रेचाळीस टक्के झिंक आणि थोडं सिलिकॉन असं असतं, त्याची घनता ३.७५. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम, एका बाजूला ७५, भागिले ३.७५, बरोबर २० मायक्रॉन. म्हणजे १५० चा गॅल्व्हल्यूम आणि २७५ चा जीआय मीटरवर जवळपास सारखेच दिसतात. ७.१४ ने गुणून कोणी तुम्हाला "हा २८५ जीएसएमचा गॅल्व्हल्यूम आहे" म्हणून विकत असेल तर सावध व्हा. आणि छताच्या पत्र्यात जाडी सांगताना कोटिंग धरून सांगितलीय की बेस मेटलची ते पण विचारा, दोन्ही बाजूंचे मिळून ०.०४ एमएम जातात, ०.५० च्या पत्र्यात लोखंड ०.४६ च उरतं. एक एमएमच्या वर याने फरक पडत नाही पण पातळ पत्र्यात ताकदीचा प्रश्न असतो.

तुमचा दुसरा प्रश्न, २ एमएमच्या ट्रेवर हॉट डिप ८५ मायक्रॉन. हे मी पुण्यात कितीतरी ड्रॉइंगवर बघतो आणि प्रत्येक वेळी फोन उचलून बोलावं लागतं. ८५ मायक्रॉन किंवा ६१० ग्रॅम हा आकडा आला कुठून? आयएसओ १४६१ मध्ये ६ एमएमपेक्षा जाड लोखंडाला सरासरी ८५ मायक्रॉन मागितलेत. ३ ते ६ एमएमला ७०, दीड ते ३ एमएमला ५५, दीडच्या खाली ४५. म्हणजे तुमच्या २ एमएमच्या ट्रेला नियमाने ५५ सरासरी आणि एका जागी कमीत कमी ४५. कोणीतरी ट्रान्समिशन टॉवरच्या स्पेसिफिकेशनमधून आकडा उचलून ट्रेच्या ड्रॉइंगवर चिकटवलेला असतो. त्या नियमावलीत जीएसएम करायला घनता ७.२ धरलीय, ७.१४ नाही, म्हणून ५५ चे ३९५ आणि ७० चे ५०५ दिसतात. तुमच्या कॅलक्युलेटरवर ३९३ आणि ५०० येतील, त्यावरून भांडू नका.

पातळ लोखंडावर कोटिंग पातळ का येतं? बुडवून काढलेल्या जॉबवर झिंक नुसतं चिकटत नाही, साधारण ४५० डिग्रीच्या झिंकमध्ये लोखंड आणि झिंकचे मिश्र थर वाढत जातात आणि वर शुद्ध झिंकचा थर राहतो. जाड जॉब तापायला वेळ घेतो, जास्त वेळ बाथमध्ये राहतो, थर वाढतो. पातळ जॉब लवकर तापतो, लवकर बाहेर निघतो. जास्त वेळ ठेवला तरी एका मर्यादेनंतर वाढ मंदावते. स्टीलमध्ये सिलिकॉन साधारण ०.०४ ते ०.१४ टक्क्यांच्या मधे असेल किंवा पाव टक्क्याच्या वर असेल तर मात्र थर झपाट्याने वाढतो, ८५ काय १५० पण येतील, पण दिसायला मळकट राखाडी आणि आपटलं की टवका उडू शकतो. खरंच जास्त जाडी हवी असेल तर आधी ग्रिट ब्लास्ट करून पृष्ठभाग खरबरीत करतात, त्याने वाढते, पण त्याचा खर्च आणि पातळ पत्रा वाकण्याचा धोका कस्टमरला आधी सांगा.

आणि हो, गॅल्व्हनायझरकडे "पिकअप पाच टक्के आला" असं बोलतात, म्हणजे झिंकने जॉबचं वजन पाच टक्के वाढलं, त्यावरून मायक्रॉन काढायला जाऊ नका, म्हणजे अंदाजाला ठीक आहे. २ एमएमच्या एक किलो पत्र्याला दोन्ही बाजू मिळून ०.१२७ चौरस मीटर पृष्ठभाग असतो, ३९५ ग्रॅमने ५० ग्रॅम झिंक, म्हणजे पाच टक्के. तोच ५ टक्के पिकअप ६ एमएमच्या प्लेटवर असता तर कोटिंग तिप्पट झालं असतं. शिवाय पिकलिंगमध्ये थोडं लोखंड जातं आणि मिश्र थरातलं लोखंड जॉबमधूनच आलेलं असतं, म्हणून आधी-नंतरच्या वजनातून कोटिंग थोडं कमीच दिसतं. हॉट डिपच्या जॉबवर मीटर मात्र चांगला चालतो, कारण ५५ मध्ये दोन मायक्रॉनची चूक फार नाही. कडेपासून १० एमएम आत, १० चौरस सेंटिमीटरच्या एका जागेत किमान पाच रीडिंग, त्याची सरासरी म्हणजे त्या जागेची जाडी. झिंकचा ओघळ किंवा थेंब साठलेली जागा टाळा.

हे सगळं इतकं कीस पाडून का लिहितोय? कारण झिंक किती वर्षं टिकणार ते जवळजवळ सरळ जाडीवर अवलंबून असतं. आयएसओ ९२२३ मध्ये मध्यम हवेत, सी३ म्हणतात ती, झिंकची झीज वर्षाला ५ ते १५ ग्रॅम दिलीय आणि शेजारीच मायक्रॉनमध्ये ०.७ ते २.१. बघा, तोच ७.१४ चा भागाकार. २० मायक्रॉन तिथं ढोबळमानाने दहा ते अठ्ठावीस वर्षं जातील. तोच ट्रे समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत सी५ मध्ये लागला तर झीज वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन, म्हणजे तीन-चार वर्षांत लोखंड उघडं. तुमचा ट्रे शेडच्या आत लागणार की गच्चीवर की कोकणातल्या प्लँटला, ते कस्टमरला विचारा. तो बाहेर खाऱ्या हवेत लागणार असेल तर २७५ चा पत्रा नियमाने पास होऊनही चुकीचा आहे, आणि ते आत्ताच सांगितलेलं बरं.

तर उद्या असं करा. होल्ड केलेल्या मालातले तीन पत्रे काढा, प्रत्येकावर तीन जागा, दोन्ही बाजू, सगळी रीडिंग एका कागदावर, बाजूंची बेरीज गुणिले ७.१४. त्याच पत्र्यांचे तीन तुकडे वजनाच्या टेस्टला द्या. कॉइल नंबर सर्टिफिकेटशी जुळतोय का ते नक्की बघा, ट्रेडरकडे दोन कॉइलचे पत्रे एकत्र होतात. मेल लिहिताना "इन्स्पेक्टर चुकला" असं लिहू नका, "२७५ हा आकडा दोन्ही बाजूंचा आहे, सोबत दोन्ही बाजूंची रीडिंग जोडली आहेत" एवढंच लिहा. आणि त्याच मेलमध्ये पुढच्या ऑर्डरच्या ८५ बद्दल विचारून घ्या, जॉब बाथमध्ये जायच्या आधी. वजनाचा रिपोर्ट आला की इथं आकडे टाका, कुठं अडलं तर मी बघतो.